पडला नाही, मुंगी मेली

सर्व संबंधितांस, विशेषतः ज्यांच्या घरात नुकतंच चालायला लागलेलं मूल आणि सतत बोलणारी वडीलधारी माणसं एकाच वेळी नांदत आहेत त्यांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आमच्या नंदूला पोलिओ झालेला नव्हता. त्याला कुणाची नजरही लागली नव्हती. त्याच्या आईने, म्हणजे मी, मागच्या जन्मी काही पाप केलं असल्यास त्याची चौकशी खुशाल चालू ठेवावी, पण नंदूच्या डाव्या पायाशी त्याचा संबंध नव्हता.

शहापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी निदान सांगितलं: टॉडलर्स फ्रॅक्चर. टॉडलर म्हणजे नुकतं पाय फुटलेलं, डुलत डुलत चालणारं मूल. अशा मुलाचा पाय जागच्या जागी पिळला, तर नडगीच्या हाडाला केसासारखी तिरकी चीर पडते. सूज नाही, जखम नाही. पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा ती दिसतसुद्धा नाही.

हे ऐकून मी हसले. डॉक्टरांना वाटलं, बाईला धक्का बसला. तोवर मी जे काही ऐकून घेतलं होतं, त्यापुढे मोडलेलं हाड मला बक्षीस वाटत होतं.

आमचं गाव धसईजवळ. नव्वदचं दशक संपत आलं होतं. भाताच्या झोडणीचे दिवस होते. एका शुक्रवारी सकाळी नंदू उठला, उभा राहायला गेला आणि डावा पाय वर घेऊन बगळ्यासारखा थांबला. मग बसला. बसल्या जागी हसत होता, खेळत होता. उभा केला की पाय वर. अंगात ताप नव्हता.

ओटीवर कोर्ट भरलं. न्यायाधीश सासूबाई, फिर्यादी सासूबाई, साक्षीदारही त्याच. आरोपीला बाजू मांडायची मुभा होती, पण खळ्यावरच्या माणसांना चहा देऊन आल्यावर. मी चहा देऊन येईपर्यंत निकाल लागलेला असायचा.

आधी नजर लागल्याचं ठरलं. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. मग सासूबाईंनी तेल कोमट करून पाय चोळला. नंदू असा किंचाळला की खळ्यावरची माणसं हात थांबवून बघायला लागली. (वाचणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं: मूल पाय टेकत नसेल तर चोळू नका, ओढू नका. त्याला उचला आणि डॉक्टर गाठा. सोबत ताप असेल किंवा पाय लुळा पडला असेल, तर एक तासही दवडू नका.)

संध्याकाळी नवरा कंपनीतून आला. सगळं ऐकून त्याने मला एकच विचारलं, “तू कुठं होतीस?”

हा प्रश्न मला पुढे सगळ्यांनी विचारला. बाप कुठे होता, हे कुणी विचारलं नाही. बापानेही नाही.

मुरबाडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. तो स्वच्छ होता. त्यांनी विचारलं, पडला होता का? मी, नवरा आणि सासूबाई, आम्ही तिघांनी एका सुरात नाही म्हटलं. मग त्यांनी ताप विचारला, पोलिओचे डोस झालेत का ते विचारलं, आणि शहापूरला दाखवून घ्या म्हणाले.

पोलिओ हा शब्द सासूबाईंनी तिथून पदराला बांधून आणला. थोड्याच दिवसांपूर्वी शाळेच्या व्हरांड्यात मी नंदूला पोलिओचे थेंब पाजून आणलं होतं. त्या नको म्हणत होत्या, मी ऐकलं नव्हतं. आता त्यांच्या हाती पुरावाच लागला. “हिनं पाजलं, हिनंच पोराचा पाय घालवला,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. थेंब पोलिओ टाळायला देतात हे मला ठाऊक होतं. पण तेच तेच रोज कानावर पडलं की ठाऊक असलेलंही हलायला लागतं. नंदू झोपला की मी त्याच्या दोन्ही पोटऱ्या बोटांच्या वेढ्यात धरून बघायची, डावी बारीक तर होत नाही ना. पाय वाळला असता तर त्या घरात मी जन्मभर तेवढीच उरले असते: पोराचा पाय घालवणारी.

शहापूरच्या दवाखान्यात बाकड्यावर बायका बसल्या होत्या. काय झालं पोराला, असं एकीने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सुरू झाल्या. आमचा नंबर लागला तेव्हा नंदूला कुणी ओळखत नव्हतं, मला मात्र सगळ्याच ओळखत होत्या.

डॉक्टरांनी खुब्यापासून घोट्यापर्यंत पाय हळूहळू दाबत नेला. नडगीवर एका ठिकाणी नंदू कळवळला. डॉक्टरांनी विचारलं, कधी पडला? पडला नाय, सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. बघू या म्हणून त्यांनी नंदूला खाली उभं केलं. पाय वर घेतानाच तो धपकन बसला आणि ओठ काढले. सासूबाई लगबगीने वाकल्या आणि फरशीवर हात आपटला.

“मुंगी मेली! ही बग, मेली!”

नंदूनेही फरशीवर हात आपटला आणि रडं विसरून मुंगी शोधू लागला.

डॉक्टर बघत राहिले. मग त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं, “आजी, घरी अशा किती मुंग्या मरतात?”

“रोजच मरतात की. बेस्तरवारी पायरीपाशी मेली ती मोठी. माझ्या मांडीवरना उतरला, पाय वाकडा पडला, आन् बसला खाली. लई रडला ओ. मुंगी दावली तवा गप झाला.”

“म्हणजे पडला.”

“पडला नाय ओ डाक्टर. मुंगी मेली.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडे पडणं म्हणजे माळ्यावरून, झाडावरून, विहिरीत. बाकी सगळ्या मुंग्या. नंदू चालायला लागल्यापासून आम्ही त्यांचे वंशच्या वंश बुडवले होते. आणि ज्या मांडीवरून तो उतरला, ती मांडी माझी नव्हती. हे डॉक्टरांच्या लक्षात आलं, नवऱ्याच्याही आलं. तो भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचू लागला.

प्लास्टर घातलं. तेव्हा, तान्हुल्यांच्या आयांनो, डॉक्टर विचारतील तेव्हा पडला का याच्यावर थांबू नका. उंबऱ्यात, पायरीशी, मांडीवरून उतरताना जे जे झालं ते सगळं सांगा. आणि आभार माना. मीही मानते: डॉक्टरांचे, प्लास्टरचे, आणि नंदूच्या हाडांचे, जी घरातल्या माणसांपेक्षा लवकर सांधली.

प्लास्टर निघालं तेव्हा नवीन एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून दाखवला. चिरेभोवती पांढुरकी सावली धरली होती. त्याला कॅलस म्हणतात, म्हणजे तुटलेल्या जागी भरून येणारं नवं हाड. नंदू खोलीभर लंगडत हिंडत होता. तेही थोड्या दिवसांत जाईल, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघून सावकाश सांगितलं, की एवढ्याशा पिळाने हे कुठल्याही मुलाला होतं. आई समोर बसून बघत असती तरी झालं असतं. यात कुणाचाच दोष नाही.

मी सासूबाईंकडे बघितलं. म्हटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांचा चेहरा खरंच पडला होता. काही मोठं नुकसान झाल्यासारखा त्यांनी कपाळाला हात लावला आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“अगो बाय, मंग मी हिला इतके दिस बोलली, ते सगलं फुकाट गेलं?”