जावयाने नेलेलं पेरणीयंत्र

तमाम सासरे आणि मेहुणे यांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, अधिक महिन्यात जावयापुढे काय मांडावे आणि काय ताडपत्रीखाली झाकावे, याचे शास्त्र आजवर कोणी लिहिलेले नाही. हात पोळलेला माणूस म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या तेल्हाऱ्याकडे पावसाचं डोकं फिरलं होतं. महिनाभर तोंड दाखवायचा नाही आणि आला की दोन दिवसांत शेताचं तळं करायचा. काळ्या मातीत सोयाबीन एकतर करपायचं नाहीतर सडायचं. एका कृषी प्रदर्शनात मी एक पेरणीयंत्र पाहिलं. ते मधे रुंद वाफा करून त्यावर बी पेरायचं आणि दोन्ही बाजूंना सरी पाडायचं. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, कमी असलं तर तिथेच मुरतं. पण आमच्या चिकट मातीत ते अडकायचं. गावातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रीने खिडक्यांच्या जाळ्या बाजूला ठेवल्या आणि आमच्या मातीला मानवेल असं यंत्र घडवलं.

पेरणी पाहून लोक बांधावरून ओरडायचे, "भाऊ, एवढी जागा सोडली! मधातून एसटी नेतं काय?"

त्या पावसात त्यांची शेतं पिवळी पडली, माझं हिरवं राहिलं. मग तेच लोक आपल्या पेरणीसाठी नंबर लावायला आले. मी आणि मिस्त्री भागीदार झालो. त्याने जाळ्यांची कामं घेणं बंदच केलं. म्हणाला, "भाऊ, अब अपनी गाडी चल पडी!"

पुढच्या पेरणीआधी अधिक महिना आला आणि धाकट्या बहिणीचे यजमान धोंडे खायला आले. अमरावतीला त्यांचं शेतीअवजारांचं दुकान. जेवले, हात धुतले, अंगणातल्या यंत्रावरची ताडपत्री उचलली. "भाऊ, दोन दिवस दुकानासमोर उभं करतो. तुमचंच नाव होईन."

मिस्त्रीने माझी बाही ओढली. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणणारा वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे. मी तर यंत्राला हारही घातला!

यंत्र पेरणीच्या तोंडावर परत आलं, अगदी धुऊनपुसून. त्या हंगामात आम्ही गावंच्या गावं पेरली. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र गावोगाव तीच यंत्रं उभी, लाल रंगाची, वर पिवळ्या अक्षरांत जावयाचं नाव.

मिस्त्री एका यंत्राभोवती फिरला आणि त्याने एका फणावर बोट ठेवलं. माझा जुना ट्रॅक्टर यंत्र तिरकं ओढायचा, म्हणून त्याने आमच्या यंत्राचा बी सोडणारा एक फण मुद्दाम चार बोटं बाहेर बसवला होता. जावयाच्या प्रत्येक यंत्रात तो फण तसाच बाहेर! सरळ ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे त्या फणाचं बी थेट सरीत पडलं आणि पावसात कुजलं. जावयाला कोणी बोललं नाही. सरीची पेरणीच खोटी ठरली. आमच्याकडचे नंबर एकेका फोनवर रद्द झाले. मिस्त्री पुन्हा जाळ्यांकडे वळला. मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भाऊबीजेला बहीण आली, सोबत जावई. मिस्त्रीही फराळाला बसला होता. जावयाने तोंडात चिवड्याचा बकाणा भरला आणि आम्हा दोघांकडे तक्रारीच्या नजरेने पाहत म्हटलं,

"भाऊ, ते यंत्र आता कोणीच घेऊन नाही राहिलं. तुमी दोघं काही नवं काढा ना लवकर, मी दुकानात काय ठेवू?"