मावशींचं यान आणि कारखान्याचा पंखा

हातात काहीही आलं की मावशी आधी ते उलटं करायच्या. वांगं असो, भाकरी असो, नवी चप्पल असो. "सुलटी बाजू सगळेच दाखवतात. उलटी देख वं माय!"

सुरतेत साड्यांचे धागे कापणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. आमच्या कारखान्यात मी आणि मावशी जोडीला बसायचो. मी साडी उलटी ताणून धरायची, त्या लोंबणारे धागे कातरीने उडवायच्या. मी दिवसभर गप्प. दोघींचं बोलणं त्याच बोलायच्या.

जेवणाच्या सुट्टीत मात्र मावशी मोबाइलवर अंतराळयानांची लढाई खेळायच्या. डोक्यावर पदर, डब्यात ठेचा आणि समोर धडाधड गोळीबार! प्रत्येक यानाला दोनच शस्त्रं घेता येतात. ती निवडायला त्या लग्नाची साडी निवडावी तसा वेळ लावायच्या.

"रॉकेट मोठं, पण एकदा सुटलं की भरायला वेळ. तोवर काय टाळ्या वाजवायच्या? लेझर कवच कापतं, पण तापतं. बारकी बंदूक तापत नाही, पण कवचावर नुसती खाजवते. आणि कवच पुढून जाड, मागे इंजिनाजवळ पातळ!"

कारखान्यात उभा पंखा एकच, तोही पॅकिंगच्या पोरांकडे. आम्ही भिंतीकडे घामाने निथळायचो. एकदा भर उन्हाळ्यात त्यांच्यातला एक हसला, "मासी, आ तो गेम छे, भाजी नथी!"

"भाजी नाही म्हणे! मग लाव पैज. जिंकलो तर पंखा आमचा."

दोघांविरुद्ध दोघी. दुसरी कोण? मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीच माझ्या मोबाइलवर गेम टाकून थोडा शिकवला होता, तरी मी मागे सरकले.

"घाबरते कशाला? साडीच आहे समज. तू लेझरने कवच काप, मी बंदुकीने उडवते. तुझं रॉकेट शेवटाला ठेव."

पोरांनी सगळी रॉकेटंच घेतली होती. सुरुवातीलाच त्यांनी ती सोडली, आणि भरेपर्यंत आम्ही घुसलो. मी कवच कापलं, मावशींनी पहिलं यान उडवलं! पण दुसऱ्याचं रॉकेट भरलं होतं. मावशींच्या यानाचा भडका उडाला.

"आता तूच गं पोरी!"

माझं लेझर तापून बंद पडलेलं. समोरून ते यान अंगावर येत होतं. सगळा कारखाना माझ्या मोबाइलवर वाकला होता.

"उलटी बाजू!" मावशी ओरडल्या.

मी त्याच्या पोटाखालून सरकले, मागे गेले आणि इंजिनात रॉकेट सोडलं.

"मारलं! मावशी, मारलं!" हे कोण ओरडतंय म्हणून सगळे बघायला लागले. मीच होते.

पंखा आमच्याकडे आला. काम सुरू होताच मावशींनी ऐटीत बटण दाबलं, आणि कापलेले सगळे धागे उडाले! पापण्यांवर धागे, नाकात धागे, मुकादमाच्या चहात धागे. पॅकिंगची पोरं हसून लोळली. तोंडातला धागा काढत मावशी म्हणाल्या, "पंख्याची उलटी बाजू देखायचीच राहिली वं!"

तेव्हापासून काम चालू असताना पंखा पोरांकडे, जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे.

आता मावशी लेकीकडे, सुरतेबाहेर कडोदऱ्याला राहतात. माझ्या जोडीला नवी बाई आहे. सुट्टीत मी पंखा लावते आणि शस्त्रं निवडते, लेझर आणि रॉकेट. एखाद्या दुपारी गेममध्ये माझ्या यानाशेजारी अचानक दुसरं यान येऊन थांबतं. एकही गोळी न झाडता आधी गर्रकन उलटं होतं.

आणि मी भर कारखान्यात ओरडते, "आल्या!"