पेडलवरचा पाय

बंद शेडमध्ये, चालू गाडीत माणूस मेलेला सापडला, तर तुमच्या मनात पहिला विचार कोणता येतो? कॅनडातल्या थंडर बेच्या लोकांच्या मनातही तोच आला. चर्चनंतरच्या कॉफीला मेलेल्या ओनीचं नाव निघालं की माणसं आपापल्या कपात बघायची.

त्याची थोरली बहीण इर्मेली हे ऐकून घेणारी नव्हती. कागदगिरणीत संप लढवलेली बाई. बर्फ वितळायला लागलं तशी ती ओनीच्या शेडमध्ये शिरली, त्याच्या जुन्या स्वीडिश गाडीचं बॉनेट उघडलं, मुठीएवढा व्हॉल्व्ह काढला आणि घरी नेऊन फ्रीजरमध्ये माशांशेजारी ठेवला.

"त्याचंही सूप करतेस का काय?" शेजारचा आल्वार म्हणाला. त्याचा जन्म गॅरेजात गेलेला.

"थंड इंजिनाला जादा हवा यातनं मिळते. गारठला की भोक उघडायला हवं. बघ की."

आल्वारनं गारठलेला व्हॉल्व्ह खिडकीशी धरला. भोक मिटलेलं होतं, मेलेल्याच्या पापणीसारखं.

"मग हिवाळाभर गाडी चालली कशी?"

"इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरच्या वायरीवर. रात्रभर प्लग लावलेलं इंजिन गार होतंय कुठं? आपण सगळे तेच करतो. वादळात वीज गेली आणि खोड बाहेर पडली. पेडल दाबून बसलं नाही तर गाडी बंद. बर्फ आत येतंय म्हणून त्यानं शेडचं दार ओढलं, आणि गाडीचा धूर आत कोंडला. तो मरायला नव्हता बसला, आल्वार. गाडी तापवायला बसला होता."

आल्वारनं टोपी काढली. "रविवारी मी सांगतो सगळ्यांना."

"मीच सांगेन. तू नुसती मान हलव."

नवा व्हॉल्व्ह बसवला. शेडचं दार सताड उघडून इर्मेलीनं किल्ली फिरवली आणि ती बाहेर आली. रिकाम्या गाडीत इंजिन चढ्या आवाजात धडधडत राहिलं. मग आवाज हळूहळू उतरला, जड पाय कुणी सावकाश उचलावा तसा.

"व्हॉल्व्ह मिटतोय," आल्वार पुटपुटला.

आणि इंजिन एकदा मोठ्यानं गुरगुरलं. गाडी बंद करण्याआधी ओनी पेडलला असाच एक दाब द्यायचा. मग सगळं गप्प. किल्ली चालूवरच होती. काचेतून दोघांना दिसलं, पेडल अलगद वर येत होतं.

"नवा आहे. बसेल हळूहळू," आल्वार म्हणाला, पण पुढे सरकला नाही.

इर्मेलीनं एक धोंडा उचलला आणि शेडचं दार मिटू नये म्हणून खाली लावला.

तुमचीही शेड असेल, तर किल्ली फिरवण्याआधी दार उघडा. आणि ओनीचं नाव निघालं, तर कपात बघू नका.