अण्णांनी आवळलेले टॅपेट

गाडी चढावर तापली की खापर वहिनीच्या डोक्यावर फुटायचं. इंजिन जुनं, चढ छातीवर येणारा, मागे माणसं आणि भाजीची पोती खच्चून भरलेली. पण दोष कुणाचा, तर स्टिअरिंग धरणाऱ्या बाईचा! ज्यांनी जन्मात साधी सायकल धड चालवली नाही, तेही खिडकीतून मान घालून सांगायचे, "गिअर लवकर टाकत जा हो."

वहिनी म्हणजे या घरची थोरली सून. नवऱ्याच्या कमरेनं दगा दिला, तेव्हापासून डिझेलची ही जुनी फोर बाय फोर तीच चालवायची. वरच्या वस्तीवर दुसरं वाहन जातच नव्हतं. दवाखान्याच्या नर्सबाई, शाळेचे मास्तर, आजारी माणसं, सगळी तिच्याच भरवशावर वर चढायची. गाडी चालवायला तिला सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी शिकवलं होतं, आणि मन लावून शिकवलं होतं.

धाकट्या दिराला मात्र हे पहिल्यापासून खुपत होतं. रस्त्यात बॉनेट उघडून वाफ जायची वाट बघत सगळे उभे राहिले, की तो हमखास म्हणायचा, "वहिनी, तुमचा पाय सारखा क्लचवर असतो. इंजिन तापणार नाही तर काय होणार?" एकदा त्यानं जेवताना सरळ जाहीर केलं, "आता पुन्हा उकळली की विकायची. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय." नवरा ताटाकडे बघत राहिला, अण्णांनी पाणी मागितलं. पोळ्या वाढणाऱ्या वहिनीला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं जुना रेडिएटर स्वतः खोलून काढला आणि रेडिएटरवाल्याकडून जाड जाळीचा मोठा करून घेतला. नवा जागेवर बसेना, म्हणून पुढच्या पट्ट्या सरकवल्या, पंख्याभोवतीचं कडं कापून पुन्हा बसवलं, होस पाइप नवे घातले. हाताची सालटी निघाली. नवरा खाटेवरून पाने पुरवत होता. अण्णा म्हणाले, "आता टॅपेटही बसवून टाकतो."

टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे खटके; ते बसवणं हा अण्णांचा प्रांत. साऱ्या गावात त्यांच्या कानाचं कौतुक होतं. गरम इंजिन चालू ठेवायचं, पेचकसाचं एक टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावायची, आणि टकटक पार थांबेपर्यंत आवळत जायचं. "इंजिन कसं, शिकल्यासवरल्या माणसासारखं हळू बोललं पाहिजे," असं ते म्हणायचे. इंजिन खरंच लोण्यासारखं चालायचं. लोक माना डोलवायचे.

वहिनी रिकामी गाडी घेऊन चढावर गेली. तापमानाचा काटा पूर्वीपेक्षा सावकाश, पण वरच चढला. उकळायच्या आधीच तिनं गाडी वळवली आणि दात-ओठ खात परत आली. दारात धाकटा उभाच. "काय, नव्या रेडिएटरलाही तुमचा पाय सोसवला नाही वाटतं?"

वहिनीनं बॉनेट उघडून ठेवलं. इंजिन पार गार होईपर्यंत ती अंगणात बसून राहिली. गाडी तापते आणि गरम झाली की तिचा दम जातो, हे कधीपासून? दर वेळी अण्णांनी टॅपेट बसवले की दोन्ही दुखणी बळावतात, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला आधी स्वतःचाच राग आला. बॉनेटच्या आत पत्रा होता. थंड इंजिनावर टॅपेटला किती फट हवी ते त्यावर कंपनीनं छापलं होतं. तिनं झाकण काढलं, नवऱ्याच्या पेटीतल्या फट मोजायच्या पट्ट्या आणल्या. ठरलेली पट्टी शिरेना. त्याहून पातळ शिरेना. सगळ्यात पातळ, कागदासारखी पट्टीही दारातच अडली.

"अण्णा, इकडे या. फटच नाही."

"पट्टीला काय कळतंय? माझा कान आहे की."

मग मात्र वहिनीचा बांध फुटला. "तुमच्या कानापायी मी साऱ्या गावाची बोलणी खाल्ली! व्हॉल्व्ह तापला की वाढतो अण्णा, त्याला जागा नको? जागा नसली की तो पुरता मिटत नाही, दम निसटतो, इंजिन तापतं. आवाज नको म्हणून तुम्ही त्याचा गळा आवळलात, आणि नाव माझ्या पायाचं झालं! भावोजी मला नाही नाही ते बोलले, तेव्हा तुम्ही पाणी मागत होतात."

अण्णा उठून आत गेले. खाटेवरून नवरा म्हणाला, "तू कर. बघतो कोण अडवतंय."

एकेक व्हॉल्व्ह मिटलेल्या जागी आणायला मोठा पाना पुलीवर लावून ती इंजिन हातानं फिरवू लागली. ते काम जड होतं. थोड्या वेळानं कुणीतरी तिच्या हातातून तो पाना काढून घेतला. अण्णा होते. तोंड वाकडंच होतं, पण ती सांगेल तेवढंच ते फिरवत राहिले. एकेक टॅपेट तिनं पट्टी घासत सरकेल इतका सैल केला.

दुसऱ्या दिवशी गाडी नेहमीसारखी खच्चून भरली. अण्णा न बोलावता पुढे येऊन बसले. धाकटाही आला, गाडी उकळलेली त्याला डोळ्यांनी बघायची होती. इंजिनाची बारीक टकटक चालू होती. "वाजतेय बघा. बिघडवून ठेवली," तो म्हणाला. वहिनीची नजर काट्यावर होती. काटा मध्यावर आला आणि शेवटच्या वळणापर्यंत तिथेच राहिला.

वर पोचल्यावर मास्तर म्हणाले, "रेडिएटर झकास निघाला हो!" धाकट्यानं लगेच री ओढली, "मी म्हणतच होतो, मोठा रेडिएटर हवा."

आता हेही! वहिनीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी अण्णा बोलले. "रेडिएटरचं नाव नको. टॅपेट मी आवळले होते. नुसत्या दिमाखासाठी. गाडी तापत होती माझ्यामुळे आणि बोलणी खाल्ली हिनं. मला ऐकू येत होतं सगळं." मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग."

नर्सबाई खाली बघू लागल्या. धाकट्यानं काहीतरी करायचं म्हणून किल्लीसाठी हात पुढे केला. "उतरताना मी घेतो गाडी. तुम्ही दमला असाल."

वहिनीचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो इतक्यात उतरावा अशी तिची इच्छाही नव्हती. किल्ली मुठीत घट्ट धरून तिनं मागचं फाळकं उघडलं.

"भावोजी, तुम्ही पोत्यांवर बसा."