अर्धी मजुरी आठ दिवसांनी

शिंपी दुकानाच्या पायरीवर उभा होता आणि मिस्त्री खाली रस्त्यावर. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. कान काही मी मुद्दाम लावले नव्हते, पण हातातला टॉवेल गरजेपेक्षा जास्त वेळ पिळला, हे कबूल करते.

"काम झालं ना? मग सगळे पैसे आत्ताच घे आणि मोकळा हो," शिंपी म्हणत होता.

"अर्धे आज. अर्धे आठ दिवसांनी, मी परत येऊन दार बघितल्यावर."

"दाराला काय टाके घातलेत, आठ दिवसांनी काढायला?"

"तुम्ही नाही का आधी कच्चा टाका घालत? अंगावर चढवून बघता, मग पक्का करता."

"पण कापडाच्या भावाने शिलाई नाही लावत मी. जेवढ्याचं कुलूप तेवढीच मजुरी? चार स्क्रू फिरवायची?"

"स्क्रूंचे अर्धेच घेतोय. उरलेले पटले नाहीत तर देऊ नका."

"नाहीच देणार. आणि येऊही नकोस."

मिस्त्री आठव्या दिवशी आले. दुकानाच्या चौकटीवरून हात फिरवला, पायपुसणं उचलून बघितलं, कुलूप दोनदा लावून उघडलं. शिंप्याने मान वर केली नाही आणि पैसेही दिले नाहीत. मिस्त्री मागायला थांबले नाहीत. मला वाटलं, माणूस जरा चक्रम असावा, दुसऱ्याच्या दारावरची धूळ बघतो.

गल्लीत त्यांना सगळे अर्धेमिस्त्री म्हणायचे. अंगाने काडी, शर्टाच्या खिशात पेन्सिलीचं थोटूक, हातात पत्र्याची पेटी. बोलणं इतकं कमी की त्याचीही मजुरी लावतील असं वाटावं. बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. चौकटीत खाच पाडायला बसले की पटाशीवर हातोडी अशी हलकी टेकवायचे, जणू लाकडाला झोपेतून उठवतायत.

माझ्यावर त्यांना बोलवायची वेळ आली ती जावयामुळे.

मुलगी नवऱ्याला सोडून माझ्याकडे आली होती, चार वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन. का आली ते तिच्या मनगटावर दिसत होतं. जावयाने निरोप धाडला, "एक दिवस येईन आणि पोरीला घेऊन जाईन. तुम्हाला पत्ताही लागणार नाही." मी म्हटलं, बोलतोय झालं.

मग एकदा आम्ही तिघी बाजारातून परत आलो. कुलूप जसंच्या तसं होतं. आत काही हललेलं नव्हतं, काही गेलं नव्हतं. फक्त नातीचे बूट, जे पलंगाखाली असायचे, ते दाराशी नीट जोडीने मांडले होते. बाहेर तोंड करून.

मुलीने नातीला उचलून घट्ट धरलं. लग्नानंतर वर्षभर जावई आमच्याकडेच राहायला होता. तेव्हाची किल्ली त्याने परत दिली नव्हती आणि आम्हालाही मागायचं सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. दार बघितलं, मग आकडा सांगितला. कुलूप आणि मजुरी मिळून मुलीचा नऊ दिवसांचा पगार होता. ती कपडे धुण्याच्या दुकानात उभी राहून इस्त्री करायची, नऊ दिवस म्हणजे काय ते तिच्या पायांना विचारा.

"मिस्त्री, थोडं कमी करा की," मी म्हटलं.

"कुलूप हलकं घ्या, मजुरीही तेवढीच हलकी होईल. पण तुम्ही बोलावलंय कशासाठी?"

मी दाराशी ठेवलेल्या बुटांकडे बघितलं. ते अजून तिथेच होते, आमची उचलायची छाती झाली नव्हती. मिस्त्रींनीही बघितलं. पुढे ना मी घासाघीस केली, ना त्यांनी विचारलं.

"न्हाणीघराला आतून कडी नाही," ते म्हणाले. "लावू?"

"नको. तिथे काय कोण राहतंय?" चार पैसे वाचवल्याचं मला तेवढंच समाधान.

कुलूप बसलं. तीन किल्ल्या त्यांनी माझ्यासमोर पाकिटातून काढल्या, माझ्याकडून मोजून घेतल्या, अर्धी मजुरी घेतली आणि गेले.

चौथ्या दिवशी सकाळी मी नातीला भरवत होते. मुलगी कामावर गेली होती. दाराशी बारीक खरखर झाली. किल्ली अर्धी आत गेली आणि अडली. बाहेर निघाली. पुन्हा गेली, पुन्हा अडली. नात म्हणाली, "आजी, कोण?" मी दाराकडे बघत घास पुढे केला. तो तिच्या गालाला लागला. बाहेर कोणीतरी उभं राहिलं, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग पावलं जिना उतरून गेली. मी त्या दिवशी खिडकीपाशीही गेले नाही.

नऊ दिवसांचा पगार त्या क्षणी वसूल झाला, असं मी संध्याकाळी मुलीला सांगितलं. आणि इथेच माझी अक्कल गहाण पडली.

सहाव्या दिवशी मुलगी आपली किल्ली दुकानात विसरली. मी नातीला डॉक्टरकडे घेऊन गेले होते. बिचारी दीड तास जिन्यात बसून राहिली, आणि प्रत्येक पावलाला दचकत होती. म्हटलं, पुन्हा हिला जिन्यात बसवायचं नाही. तिसरी किल्ली घेतली आणि बाहेरच्या मीटरच्या पेटीवर ठेवून दिली. आमच्या घरची जादा किल्ली वर्षानुवर्षं तिथेच असायची. हात सवयीने वर गेला, डोक्याला विचारलंच नाही.

आठव्या दिवशी दुपारी नात झोपली होती, मी तिच्या फ्रॉकला बटण लावत होते. नव्या कुलपाच्या भरवशावर दाराची आतली कडी लावली नव्हती. दाराशी आवाज झाला. किल्ली आत गेली. या वेळी ती अडली नाही. पूर्ण आत गेली आणि फिरली. कुलपाची जीभ मागे सरकल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला.

झोपलेल्या पोरीला उचललं आणि न्हाणीघरात शिरले. दार लोटलं. हात कडी शोधायला लागला, आणि मग आठवलं. कडी नव्हती. नको मीच म्हटलं होतं. दाराला पाठ लावून, पाय समोरच्या भिंतीला रेटून खाली बसले. पोर जागी होऊन रडायला लागली. मनात एकच होतं, तो दार ढकलेल तेव्हा माझे गुडघे किती वेळ टिकतील. ते गुडघे, जे एक जिना चढताना दोनदा थांबतात.

"मावशी," बाहेरून आवाज आला. "मी मिस्त्री. आत आलेलो नाही. उंबऱ्याबाहेरच उभा आहे."

शेवटी नातीला कडेवर घेऊन बाहेर आले. दार सताड उघडं, मिस्त्री जिन्यात उभे, एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात माझीच किल्ली.

"जीव घ्यायचा होता का माझा?" मी म्हटलं.

"जीव घेतला असता तर उरलेली मजुरी कुणाकडे मागितली असती?" त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "मीटरच्या पेटीवर होती. कोणाकोणाला ठाऊक आहे ती जागा?"

जावयाला ती जागा माझ्याइतकीच ठाऊक होती. स्वतःची किल्ली विसरून रात्री उशिरा आला की तिथूनच किल्ली घ्यायचा.

"नवं कुलूप बसलं की माणूस चार दिवस सावध असतो," ते म्हणाले. "मग जरा बरं वाटतं आणि किल्ली जुन्या जागी जाऊन बसते. पायपुसण्याखाली, चौकटीवर, कुंडीत. म्हणून आठ दिवसांनी येतो."

"नुसतं सांगता येत नाही का? असं घाबरवायचं?"

"सांगून बघितलंय." त्यांनी पेटी उघडली, काही शोधत असल्यासारखं केलं. "बहिणीच्या दाराला मीच कुलूप बसवलं होतं. घरचं काम म्हणून मजुरी घेतली नाही, आणि परत बघायलाही गेलो नाही. किल्ली कुंडीत होती. ज्याला सापडायला नको, त्यालाच सापडली."

नात त्यांच्या पेटीतले स्क्रू मोजायला लागली, तीननंतर एकदम सात.

त्यांनी चौकटीतली खाच कानशीने जरा घासली, कुलपात तेल सोडलं, न्हाणीघराला कडी लावली. अर्धी मजुरी आणि कडीचे पैसे मी दोनदा मोजून दिले, कमी पडू नयेत म्हणून.

दहाव्या दिवशी पावलं पुन्हा जिना चढून आली. मी दाराच्या आत, श्वास धरून. या वेळी किल्लीची खरखर नव्हती. मीटरच्या पेटीच्या पत्र्यावर बोटं फिरत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. पत्रा हलका वाजत होता. किल्ली माझ्या कमरेला होती, ती मी मुठीत एवढी आवळली की तळव्यावर तिचे दात उमटले. मग पावलं उतरली. त्यानंतर जावई आला नाही असं नाही, पण आला तो खालून हाक मारून, चार माणसांच्या देखत.

याला आता बरीच वर्षं झाली. नात माझ्यापेक्षा उंच झाली. मिस्त्री गेल्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. आदल्या दिवशी मी त्यांना गॅलरीतून बघितलं होतं. शिंप्याच्या दुकानाचा बाजूचा दरवाजा कुणीतरी फोडला होता, आणि त्याने आठ दिवसांपूर्वी त्यांनाच बोलावलं होतं, मान खाली घालून.

मिस्त्री कोपऱ्यावर दम खायला थांबले, मग आले. चौकटीवरून हात फिरवला. वाकवत नव्हतं, म्हणून पायपुसणं पायानेच सरकवलं. कुंडीतली माती बोटाने चाचपली. कुठे काही नव्हतं. कुलूप दोनदा लावलं, दोनदा उघडलं. शिंप्याने दोन वेळचे पैसे पुढे केले, या खेपेचे अर्धे आणि तेव्हाचेही. मिस्त्रींनी या खेपेचे अर्धे मोजून घेतले, "तेव्हाचे पटले नव्हते ना," म्हणत बाकीचे त्याच्या हातात परत दिले, पेटी उचलली आणि घराकडे निघाले.