जुन्या वेळेचं घड्याळ

सिंगापूर, २०१४चा जून, शाळेच्या सुट्टीतला पहिला शनिवार, सकाळचे दहा. जागा: आमच्या शेजारच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर, तिसरा मजला. हजर: शेजारच्या तमिळ आंटी, वय चौऱ्याहत्तर, त्यांची मुलगी, टॅम्पिनीसहून आलेली, माझी मुलगी, वय दहा, चिकटपट्टी कापण्याच्या कामावर, मी, यादी घेऊन. गैरहजर: माझा नवरा, कारण पाठ. आंटींचं सामान पाहिल्यावर त्याची पाठ आदल्या दिवशीच दुखायला लागली होती.

आंटी चाळीस वर्षांचं घर आवरून मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. गुडघ्यांनी आता साथ सोडली होती. यादीचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या ब्लॉकमध्ये याद्या माझ्याकडेच येतात. मी तीन रकाने आखले: न्यायचं, द्यायचं, टाकायचं. पहिल्या तासात आंटींनी सगळंच्या सगळं पहिल्या रकान्यात घालायला लावलं.

"आंटी, इडलीपात्रं पाच?"

"पाहुणे येतात, मा." आंटी सगळ्याच बायकांना वाक्याच्या शेवटी 'मा' म्हणत. बोलणं इंग्रजीत, मधूनच तमिळ.

"मम्मी, माझ्याकडे एक पाहुणी कायमची येते आहे, तेवढी पुरे," त्यांची मुलगी म्हणाली.

"ऐकलंस? सामान हललंसुद्धा नाही आणि मी पाहुणी झाले."

तेवढ्यात माझी मुलगी स्टुलावर चढली. "आई, हे क्लॉक स्पॉइल झालंय, लाह. टाकायचं ना?" 'लाह' हे इथल्या बोलीतलं शेपूट, ती शाळेतून घेऊन आली होती.

खिडकीच्या शेजारी, देवांच्या फळीच्या वर भिंतीवर, एक गोल घड्याळ होतं. त्यात साडेदहा वाजले होते. माझ्या मनगटावर अकरा. मी दहा मिनिटं थांबून पुन्हा पाहिलं. त्याचे दहा चाळीस, माझे अकरा दहा. म्हणजे बिघडलेलं नव्हतं, व्यवस्थित चालत होतं, फक्त अर्धा तास मागे. कोणीही करेल तेच मी करायला गेले. हात वर केला.

"हात लावू नकोस!"

आंटी आणि त्यांची मुलगी एकदम ओरडल्या. मुलीच्या आवाजात कंटाळा होता. आंटींच्या आवाजात भीती होती.

मी यादीत लिहिलं, 'भिंतीवरचं घड्याळ', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या याद्यांत प्रश्नचिन्ह नसतं.

इथे थोडं मागे जायला हवं. टॅम्पिनीसचा भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही या जुन्या वसाहतीत घर घेतलं ते तीन वर्षांपूर्वी. पहिल्याच महिन्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इथली जुनी माणसं एकटं चालणारं मूल दिसलं की मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. मुलाकडे एक नजर, घड्याळाकडे एक नजर. पहिल्या मजल्यावरचे चिनी अंकल कुंड्यांना पाणी घालताना बघायचे. लिफ्टपाशी उभी असलेली मलय आजी बघायची. झाडूवाल्याच्या हातात घड्याळ नव्हतं, तो मोबाइल काढून बघायचा. नवीन राहायला आलेले आम्ही चार-पाच जण कोणीच बघत नव्हतो.

मला राहवेना. मी वहीत शक्यता लिहिल्या. शाळेला उशीर होतोय का ते बघत असतील? नाही, रविवारीही बघतात. नुसत्या चौकशा? मग काही विचारत कसं नाहीत? शेवटी चिनी अंकलना सरळ विचारलं.

"कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून," ते म्हणाले.

"कोण विचारणार?"

त्यांनी झारी खाली ठेवली आणि सांगितलं. १९८२ साल, नुकतं सुरू झालेलं. इथे शाळा जानेवारीत सुरू होते, तिचा पहिला आठवडा. याच ब्लॉकमधली आठ वर्षांची मुलगी शाळेतून निघाली, ब्लॉकपर्यंत आली आणि घरी पोचली नाही. चार दिवसांनी वसाहतीमागच्या झाडीत ती सापडली. तिला कोणी नेलं, कोणी मारलं, ते आजतागायत कळलेलं नाही. पोलीस घरोघर आले, प्रत्येकाला एकच विचारत होते: तुम्ही तिला किती वाजता पाहिलंत? सगळे म्हणाले, दुपारी. "दुपारी! आम्हाला एवढंच सांगता आलं," अंकल म्हणाले. "अख्ख्या ब्लॉकमध्ये घड्याळ बघितलेलं एकच माणूस निघालं. तेव्हापासून आम्ही सगळे बघतो."

त्या एका माणसाबद्दल मला आदर वाटला. माझ्यासारखंच कोणीतरी, असं वाटलं.

"आणि त्या माणसामुळे काही सापडलं का?"

"रोटीवाला सापडला." सायकलवर ब्रेडचे डबे लावून फिरणारा एक माणूस तेव्हा रोज यायचा. मुलीने त्याच्याकडून पाव घेतला होता. ते बारा पन्नासला, असं साक्ष देणाऱ्याचं म्हणणं. रोटीवाला म्हणाला, एक वीसला. "अर्धा तास कशाला लपवायचा, काही केलं नसेल तर? पोलिसांनी सोडला त्याला, पुरावा नव्हता. पण आमच्याकडे मग कोणी त्याचा ब्रेड घेतला नाही. दोन महिन्यांत यायचा बंद झाला."

साक्ष कोणाची, ते अंकलनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आपण या गोष्टीत बाहेरचे, असं मला वाटलं.

आता पुन्हा त्या शनिवारी, त्या स्वयंपाकघरात. मी आंटींच्या मुलीला आणि माझ्या मुलीला खाली दुकानात पाठवलं, रिकामी खोकी आणायला. खोकी खरंच हवी होती. पण मला घड्याळाचंही विचारायचं होतं.

खिडकीतून मागचा जिना दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी सायकली लावायची जागा. मी तिथे उभी राहून आधी खाली पाहिलं, मग मान जराशी वळवली. घड्याळ डोळ्यांसमोर आलं. पाय हलवावा लागला नाही.

"आंटी, ती साक्ष तुमची होती का?"

त्या इडलीपात्रं एकात एक बसवत होत्या. थांबल्या नाहीत. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. हे घड्याळ कधीपासून मागे आहे?"

पात्रांचा आवाज थांबला.

"बस, मा," त्या म्हणाल्या. स्वतःही बसल्या.

मला तोवर माहीतच नव्हतं, की १९८२च्या एक जानेवारीला सिंगापूरने आपली वेळ बदलली. देशभरातली घड्याळं अर्धा तास पुढे नेली. आंटींच्या नवऱ्याने घरातली दोन्ही घड्याळं पुढे केली. त्यांच्या सासूबाईंना ते मान्य नव्हतं. देवापुढचा दिवा, राहुकाळ, सगळं त्या या घड्याळावर बघत.

"काय म्हणाली माहीत आहे? सरकारने सांगितलं म्हणून सूर्य लवकर उगवतो का?"

मला हसू आलं. माझ्या सासूबाई दिनदर्शिकेतला राहुकाळ बघितल्याशिवाय भाजीलाही बाहेर पडत नाहीत. त्या अगदी हेच म्हणाल्या असत्या.

"मग तिने स्टूल घेतलं, वर चढली आणि काटा परत मागे आणला. कोणाला काही न बोलता. पुढच्या आठवड्यात रेडिओवरच्या बातम्या अर्ध्या तासाने लवकर लागल्या, तेव्हा मला कळलं."

"म्हणजे मुलगी नाहीशी झाल्यानंतर."

"ती सापडल्यानंतर. मी सांगून मोकळी झाल्यानंतर." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "मी भात उतरवत होते. तिला पाव घेताना पाहिलं. वर बघितलं, बारा पन्नास. पोलीस म्हणाला, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. अभिमान वाटला, मा. बाकी कोणालाच वेळ सांगता येत नव्हती."

म्हणजे एक वीस. रोटीवाला खरं तेच सांगत होता.

"तुम्ही नवऱ्याला सांगितलंत?"

"त्याच रात्री. ते म्हणाले, पोलिसांनी सोडलंय ना त्याला? मग झालं तर. आता जाऊन वेळ बदललीस तर म्हणतील, आधी खोटं का बोललीस. मलाही ते पटलं. मग लोकांनी त्याचा ब्रेड घेणं बंद केलं. मी घेत राहिले, शेवटपर्यंत. शेवटी एकटी मीच घ्यायचे. तो प्रत्येक वेळी मला थँक यू म्हणायचा."

"आणि सासूबाई गेल्यावर घड्याळ सरळ का नाही केलंत?"

"दोनदा स्टुलावर चढले. काटा पुढे केला तर माझी चूक कुठे झाली, ते दाखवायला काहीच उरणार नाही, असं वाटलं."

खोकी घेऊन त्यांची मुलगी दारात उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. माझी मुलगी तिच्यामागे, तोंडात आइस्क्रीम.

"मम्मी, पुन्हा तेच? बत्तीस वर्षं झाली. तो माणूससुद्धा राहिला नाही."

"त्याची मुलगी आहे," आंटी म्हणाल्या.

ती कोण, ते मात्र मला ओळखता यायला हवं होतं. आम्ही महिन्यातून एकदा मिळून तोआ पायोहला जायचो, बाजाराला. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, आंटी मला डोशाच्या स्टॉलपर्यंत नेहमी मागच्या बाजूने, ओल्या फरशीवरून न्यायच्या. मधल्या रांगेत कॉफीचा, इथल्या भाषेत कोपीचा, एक स्टॉल होता, चाळिशीची एक बाई चालवायची. मी म्हणायचे, आंटी, सरळ जाऊ या, गुडघा सांभाळा. त्या म्हणायच्या, तिची कोपी पाणचट असते. कधी पिऊन पाहिलेली मी त्यांना बघितली नव्हती.

आंटींची मुलगी चिडली होती. "तिला जाऊन काय सांगणार? सॉरी, माझ्या आजीला राहुकाळ बघायचा होता, म्हणून तुझ्या बाबांना लोकांनी खुनी म्हटलं? चांगली विसरली असेल ती, तिला परत उकरायला लावणार."

"विसरली असेल का?" आंटींनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. पण यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी तीन ओळी लिहिल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. पहिली, घड्याळ जसं आहे तसं, काटा न हलवता ठेवणे. दुसरी, पोलिसांना पत्र. तिसरी, रोटीवाल्याच्या मुलीला सांगणे.

आंटींनी चष्मा लावून वाचलं. "तुझी यादी सरकारपेक्षा कडक आहे, मा."

"एखादी ओळ खोडायची असेल तर खोडा."

त्यांनी पेन घेतलं आणि तिसऱ्या ओळीपुढे 'मी स्वतः' असं लिहिलं.

पहिली ओळ त्याच दिवशी झाली. टॅम्पिनीसच्या घरात ते घड्याळ नको, असं मुलीने स्पष्ट सांगितल्यामुळे ते आमच्या स्वयंपाकघरात आलं. नवऱ्याने पहिल्या आठवड्यात दोनदा ऑफिसची बस चुकवली, मग सवय झाली. दुसऱ्या ओळीला महिना लागला. पत्र मी लिहिलं, एका पानात, साध्या इंग्रजीत. आंटींनी तीनदा वाचून सही केली. एक तरुण अधिकारी टॅम्पिनीसला येऊन गेला. त्याने सगळं शांतपणे लिहून घेतलं, फायलीत लावतो म्हणाला. जाताना त्याने आंटींना विचारलं, पाव कसला होता? नारळाचा, आंटी म्हणाल्या. त्याने तेही लिहिलं. त्या अर्ध्या तासाने आता खरा माणूस सापडेल का, असं मी विचारलं. त्याने वचन दिलं नाही. ते मला आवडलं.

तिसऱ्या ओळीसाठी आम्ही दोघी तोआ पायोहला तीनदा गेलो. पहिल्यांदा स्टॉलला सुट्टी होती. दुसऱ्यांदा गर्दी होती. तिसऱ्यांदा, २०१५च्या फेब्रुवारीत, आम्ही अगदी समोरच्या टेबलावर बसलो आणि आंटींनी पहिल्यांदा तिथली कोपी मागवली.

"साखर कमी, आंटी?" बाईने विचारलं.

"नको मा, असू दे सगळी."

कप आला. आंटींनी तो दोन्ही हातांत धरून पूर्ण संपवला. बाई कप उचलायला आली, तेव्हा आंटींनी तोंड उघडलं.

"थँक यू," आंटी म्हणाल्या.

परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, जागा मिळाल्यावर त्या टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "पाणचट नाहीये गं."

पुढच्या वर्षापासून आंटी विसरायला लागल्या. आधी औषधं, मग माणसं. २०१७मध्ये मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी मला ओळखलं, पण माझ्या मुलीला बघून दचकल्या. ती तेरा वर्षांची, शाळेच्या गणवेशात होती. "हिला घरी पोचव," त्या मला म्हणाल्या, "किती वाजले?" मी मनगट पुढे केलं. त्यांनी वाचून पाहिलं. मग माझा हात सोडला नाही. "ते तू सांग तिला, कोपीवालीला. मला आता जमायचं नाही." काय सांगायचं, ते मी विचारलं नाही. त्यांची मुलगी ऐकत होती. या वेळी ती नको म्हणाली नाही.

आता २०१९ आहे. त्या यादीचा कागद मी बदलला नाही. 'मी स्वतः' हे आंटींचं अक्षर तसंच ठेवून शेजारी माझं नाव लिहिलं आहे. महिन्यातून एका शनिवारी मी त्या स्टॉलवर जाते. बाई मला आता ओळखते, न सांगता साखर कमी घालते. गेल्या महिन्यात रिकामी वेळ होती, स्टॉलसमोर मी एकटीच. तिने मला विचारलं, तुम्ही नेहमी घड्याळ का बघता? मी म्हटलं, सवय. तेव्हा सांगता आलं असतं. मी कप संपवला आणि बस पकडली.

पहिल्या दोन ओळींपुढे बरोबरच्या खुणा आहेत. तिसरी ओळ अजून मोकळी आहे.