आधी चासी वाजवा

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत बातमी पसरली की टकटकवहिनींच्या जुन्या पिकअपमध्ये त्यांच्या नवऱ्याचा आत्मा आहे आणि त्या रोज सकाळी हातोडीनं ठोकून त्याच्याशी बोलतात. पसरली म्हणजे, खरं सांगायचं तर मीच पसरवली. गॅलरीतून मी डोळ्यांनी पाहिलं होतं. वहिनी गाडीखाली उताण्या, नुसती पावलं बाहेर. आतून टक, टक. मग बराच वेळ शांतता. मग वहिनींचा आवाज, "अस्सं?" आता शेजाऱ्यानं यातून काय समजायचं?

बातमीत खोट एवढीच होती की ज्यांचा आत्मा गाडीत होता ते दादा त्याच वेळी पायरीवर बसून बशीतला चहा फुंकत होते. नजर अधू झाली म्हणून आठ वर्षांपूर्वी त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, जग नाही.

वहिनींचं हे नाव गाडीच्याही आधीचं. दादा चाकावर मडकी घडवतात, वहिनी ती भाजतात आणि विकतात. भट्टीतून निघालेलं प्रत्येक मडकं त्या बोटाच्या पेरानं वाजवतात. टण वाजलं की विकायला, बद्द वाजलं की खापरांच्या ढिगात. डोळ्यांना न दिसणारी चीर त्यांच्या कानाला दिसते. ही खोड घरापुरती राहिलेली नाही. आम्ही नवा दरवाजा बसवला तेव्हा चहाला आलेल्या वहिनींनी उंबऱ्यातच तो वाजवला आणि म्हणाल्या, "भावोजी, मधून पोकळ आहे." सहा महिन्यांनी माझं कोपर त्यातून आरपार गेलं.

तर गाडी. भाड्याचा टेम्पोवाला मडकी अशी नेई की बाजारात निम्मी खापरंच उतरत. लेकीनं गाडी चालवायचं लायसन्स काढलं आणि आईला स्पष्ट सांगितलं, "आपली पिकअप उभी राहिली तर धंदा मी पुढे नेते. नाही राहिली तर भट्टी बंद करू, मी नोकरी बघते." म्हणजे भट्टीचा जीव त्या गंजक्या गाडीत अडकला. तिचे चारही टायर बसलेले, इंजिनावर मांजरीनं दोनदा संसार थाटलेला, आणि हौद्यात रानगवत गुडघाभर.

सल्ले द्यायला गल्ली कमी पडली नाही. लेकीला आधी रंग हवा होता. मिस्त्री नवी बॅटरी काखोटीला मारून आला, म्हणाला, "आधी इंजिन बोलू दे, मावशी. बाकीचं मग." मी माझ्या परीनं एक भोंगा आणला होता.

वहिनींनी बॅटरी त्याच्या हातातून घेऊन पायरीवर, दादांच्या शेजारी ठेवली. "इंजिन सुरू झालं की तुम्ही सगळे नाचाल," त्या म्हणाल्या. "मग गाडी खालून सडलीय हे कळलं तरी माझ्या तोंडून 'नको' निघणार नाही. आधी ते बघायचं, जे बिघडलेलं असलं तर बाकी काहीच करायचं नाही."

मिस्त्री ओंडके शोधायला निघाला. मी एकही सल्ला दिला नाही, आणि हे आमच्या घरी कुणाला खरं वाटलं नाही.

ते 'जे' म्हणजे चासी, गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ज्यावर सगळी गाडी बसते. मी गॅलरीतून ऐकलेली टकटक याचीच, पण बसलेल्या गाडीखाली वहिनींना मागपर्यंत सरकता येत नव्हतं. मिस्त्रीनं गाडी उचलून ओंडक्यांवर टेकवली. वहिनी हातोडी घेऊन खाली सरकल्या आणि पुढून मागे वीत-वीत अंतरावर वाजवत निघाल्या. टण. टण. लेक ओठ चावत उभी. टण. मागच्या डाव्या चाकापाशी आवाज बसला. बद्द.

मिस्त्रीनं विजेरी मारली. "लोखंड चांगलं दिसतंय मावशी. आत चिखल भरलाय, म्हणून तसं वाजतं."

"मग काढ चिखल."

त्यानं घमेलंभर चिखल खरवडून काढला. वहिनींनी पुन्हा वाजवलं. बद्द. मिस्त्रीनं हसत तिथं स्क्रू ड्रायव्हर दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. त्याचं हसू तोंडावरच राहिलं. वीस वर्षं गाड्यांखाली घालवलेला माणूस, पण त्यानं स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वहिनींच्या कानाकडे. मी खोटं कशाला बोलू, मीही हळूच स्वतःचं कोपर चाचपलं.

गंजाचा कण जिभेला लावून वहिनी खालूनच म्हणाल्या, "इथं मीठ सांडलंय."

पायरीवर दादांची बशी डचमळली. आठ वर्षांपूर्वी शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी कुणाची तरी मिठाची पोती वाहिली होती आणि घरी सांगितलं होतं, भुसा होता. "एकच खेप गं," ते पुटपुटले.

"एका खेपेत मीठ एवढं लोखंड खात नाही."

"चार असतील."

लेकीनं तोंड फिरवलं. भट्टी गेली असंच तिला वाटलं. पण वहिनी बाहेर आल्या नाहीत. सडक्या जागेच्या पुढे टण, मागे टण, आडव्या पट्ट्या टण, पलीकडची बाजू सगळी टण. तासाभरानं त्या मातीनं माखून निघाल्या, खडूनं आखलेला हातभर तुकडा दाखवला आणि मिस्त्रीला विचारलं, "एवढंच कापून जोडता येईल?"

"एवढंच असेल तर येईल."

"एवढंच आहे."

त्यानं पुन्हा तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी सडका भाग कापला, जाड पत्रा वेल्डिंग करून बसवला आणि, गंमत बघा, स्वतः बाजूला होऊन हातोडी वहिनींच्या हातात दिली. टण. लेक खाली बसली आणि आईच्या खांद्यावरची माती झटकत राहिली, झटकण्यासारखी उरली नव्हती तरी.

"आता इंजिन, मावशी?" मिस्त्रीनं बॅटरीकडे बघत विचारलं.

"आता ब्रेक."

मला राहवलं नाही. भोंगा हातात धरूनच मी म्हणालो, "वहिनी, जी गाडी जागची हलत नाही तिला आधी ब्रेक कशाला?"

वहिनींनी हात पुसले. "भावोजी, तुमच्या तोंडाला वेळेवर लावला असता, तर माझ्या गाडीत भूत बसलं नसतं."